नवसाबाईचं माहेर

पंचवटीत गंगेपासून दोन गल्ल्या आत नवसाबाईचं घर आहे. गोदावरीला गोदावरी म्हणतात ते सरकारी पाटीवर. नाशिककरांची ती गंगाच. घरात सांगण्यासारखं काही नाही. पुढं पत्र्याची पडवी, मागं दोन खोल्या आणि अंगणात एक जुना कडुनिंब. पण नवसाबाईचा सगळा जन्म त्या निंबानं ठरवला, असं म्हटलं तरी चालेल.

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फांदीला टांगलेली गाठोडी दिसली. लाल फडकी, नीट गाठ मारलेली. तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, बियाणं टांगलंय का वो?" सासू कुसाबाई तोंडाला पदर लावून हसली. ते बियाणं नव्हतं, त्या अस्थी होत्या.

चांदवड, देवळा, कळवण, कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन गंगेवर येतात. दुपारनंतरची एसटी धरली की पोहोचेपर्यंत दिवस कलतो. गुरुजी म्हणतात, सकाळी या. मग रात्र काढायची कुठं? अस्थी घरात न्यायच्या नसतात, झाडाला टांगायच्या असतात, आणि लॉजवाल्याकडे झाड नसतं. गाठोडं दिसलं की काउंटरवरचा माणूस मान वर न करता सांगतो, रूम फुल आहे. अशी परतवलेली माणसं विचारत विचारत निंबापाशी येत. कुसाबाई त्यांना पिठलं-भाकरी घाली, पडवीत सतरंजी टाकी. ती कधी पैसे मागायची नाही. "दुखातल्या मानसापुढं हात पसरू नाय," असं ती सुनेला सांगायची. जाताना ज्याला जे वाटेल ते तो ओट्यावर ठेवून जाई. ज्यानं गाठोडं टांगलं त्यानंच ते उतरवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हेही तिचंच. निघताना पाहुणा "येतो" म्हणत नसे आणि घरातलं कोणी त्याला "या" म्हणत नसे. असल्या कामाला पुन्हा या असं कोण कुणाला म्हणेल?

कुसाबाई गेली. नवरा बहिरू फुलबाजारात झेंडू विकता विकता गेला. मुलगा ललित फुलांचा टेम्पो चालवू लागला, सून छाया आली, नात तेजस्विनी लग्नाची झाली. निंबाचा शिरस्ता मात्र मोडला नाही. चाळीस वर्षं लोक नवसाबाईच्या घरी आले आणि "येतो" न म्हणता गेले. बाईनं मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायचं होतं ते दुसरंच होतं.

ती खरोखर नवसाची. आईबापाला बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक. पाठीवर भाऊ नाही. आईबाप गेले आणि माहेरचं दार बंद झालं. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी नवसाबाई दरवर्षी अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळायची. आणि दरवर्षी चंद्र निंबाआड असायचा. शेजारणी म्हणायच्या, तुझा भाऊ लाजाळू आहे गं. तीही हसायची. पण आत येऊन निरांजन विझेपर्यंत ती ताटापाशी बसून राहायची, हे छायानं पाहिलं होतं.

सिंहस्थ जवळ येऊ लागला, रस्त्यांची उकराउकर सुरू झाली आणि त्याच सुमारास नवा नियम आला. गावात रात्रीचा मुक्काम करणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घ्यायचा अधिकार पालिकांना मिळाला. बाहेरच्यांनी येऊन पाणी वापरायचं, कचरा करायचा आणि भार गावानं सोसायचा, हे किती दिवस चालणार? बोलणं वाजवी होतं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. फक्त नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं जो पर्यटक होता तो द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढणारा होता. फडक्यात बायको बांधून आणणारा नव्हता.

वसुलीला किशोर यायचा. कंत्राटी माणूस, बायकामुलांचा, तोंडानं गोड. त्यानं ओट्यावर बसून चहा घेतला आणि समजावलं, "आजी, माणशी एका रात्रीचं एवढं. तुम्ही त्यांच्याकडून घ्यायचं, आम्हाला द्यायचं."

"मी मागू? मयताच्या मानसाला?"

"नियमच आहे, आजी."

"अरे बाबा, मी माझ्यासाठी कदी मागितलं नाय, तुमच्यासाठी कशी मागू? जीभ रेटायची नाय माझी."

किशोरनं डोकं खाजवलं. त्याला बाईची दया आली, आणि दयेतूनच पुढचा सगळा घोळ झाला. तो म्हणाला, "मग नातेवाईक आहेत म्हणून सांगत जा. घरमालकाच्या नातेवाइकांना शुल्क नाही."

झालं! नवसाबाईला वाटलं, देवच बोलला. दुखातल्या माणसापुढं हात पसरण्यापेक्षा सरकारपुढं खोटं बोलणं तिला कितीतरी सोपं वाटलं. चांदवडचा आला, मावसभाऊ झाला. कळवणचं जोडपं आलं, ते आतेभावाचं. सटाण्याची म्हातारी नणंदेची जाऊ ठरली. किशोर लिहून घ्यायचा आणि मिशीत हसायचा. गल्लीला तर विषयच मिळाला. "नवसाबाई, तुमचं माहेर आख्ख्या जिल्ह्यात पसरलंय की वो!" बाई लटकं रागवायची, "मग? तुमच्यासारखं एका गावात कोंबलेलं नाय माझं माहेर." खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. मावसभाऊ म्हणता म्हणता ती त्या माणसाच्या पानात तूप जरा जास्त वाढायची.

समोरच्या लॉजवाल्या गोरक्षला मात्र हे डाचत होतं. त्याचंही चूक नव्हतं. तो प्रत्येक गिऱ्हाइकामागं भरत होता, आणि समोरची म्हातारी फुकट नाती वाटत होती. त्यानं तक्रार केली.

नेमका तेव्हाच तेजस्विनीच्या लग्नाचा मांडव अंगणात पडला होता. आधीचं एक स्थळ याच निंबापायी मोडलं होतं. मयताच्या पाहुण्यांचं घर, तिथली मुलगी नको, असं ते लोक तोंडावर बोलून गेले होते. तेजस्विनी महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. ती झाडाकडे बघायची सुद्धा नाही. आता चांदवडचं स्थळ आलं होतं. कांद्याचे व्यापारी, मुलगा शेखर शांत, पोरीला मनापासून आवडलेला. पण त्या घरात शब्द चालायचा नवरदेवाच्या आजीचा, झुंबरबाईचा. तिनं सुपारी फोडतानाच सांगितलं होतं, "लग्न लागेस्तोवर त्या झाडाला काय टांगलेलं दिसाया नको. मंग तुमचं तुमी बघा." नवसाबाईनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. आलेल्यांना ती हात जोडून परत पाठवत होती.

हळद दोन दिवसांवर असताना संध्याकाळी धोंडीराम आला. देवळ्याकडचा म्हातारा, डोक्याला गुलाबी फेटा, काखेत पिशवी आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं बायकोच्या अस्थींचं गाठोडं. सोबत कोणी नाही. मूलबाळ नव्हतं, भाऊबंदांशी बोलणं तुटलेलं. मांडव बघून तो फाटकातच थबकला.

"चुकनू मी, माय," तो अहिराणीत म्हणाला. "लगीनघर शे हाई."

आणि तो वळला. बास, तेवढ्यानं नवसाबाईचं अवसान गळालं. त्यानं हुज्जत घातली असती, विनवलं असतं, तर तिनं इतरांसारखं त्यालाही परत धाडलं असतं. पण तो बिचारा लग्नघराला आपली सावली नको म्हणून पाय उचलत होता. तिनं त्याला मागच्या बाजूनं आत घेतलं. मांडवामागच्या फांदीला त्यानं गाठोडं टांगलं, दोनदा गाठ तपासली आणि फडक्यावरची धूळ बोटानं झटकली.

"आई, कबूल काय केलंय आपण?" ललित दबक्या आवाजात खेकसला.

"सकाळच्याला जाईल रे. कुनाला दिसतंय?"

दिसलं. गोरक्षच्या तक्रारीवरून त्याच संध्याकाळी किशोरसोबत एक साहेब आले. साहेब तापट नव्हते, पण पक्के होते. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"भाऊ हाय माझा."

"कसले भाऊ? आत्तापर्यंत तुमचे मावसभाऊ, आतेभाऊ खूप झाले. दूरचे आता चालणार नाहीत. सख्खे असतील तर बोला."

किशोर मान खाली घालून उभा होता. नवसाबाईनं म्हाताऱ्याकडे बघितलं. तो उठून उभा राहिला होता, पिशवी उचलून निघायच्या बेतात.

"सख्खा भाऊ," ती म्हणाली. "पाठचा."

साहेब म्हाताऱ्याकडे वळले. "काय हो बाबा, खरं का?"

धोंडीरामला खोटं बोलायची सवय नसावी. तो नवसाबाईकडे बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा काही उजळला की साहेबांनाही पुढं विचारावंसं वाटलं नाही.

"मनी बहीण शे," तो म्हणाला. माझी बहीण आहे.

साहेब गेले. नवसाबाईनं त्याला जेवायला वाढलं. तो सावकाश जेवला. त्यालाही बहीण नव्हती म्हणे. राखीपौर्णिमेला हात मोकळाच राहायचा. घरवालीला टोमणे मारायला नणंद नाही म्हणून ती खूश असायची, असं सांगताना तो हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकोबद्दल बोलताना तो "ती" म्हणायचा, नाहीतर "मनी घरवाली". जुन्या माणसांची रीत. बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. नवसाबाईनंही विचारलं नाही. मग त्यानं छायाचा मोबाइल मागून गावातल्या शेजाऱ्याला फोन लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "काळजी करू नको रे! नाशिकले मनी बहीण शे, तिनाकडेच शे मी!" छायाचं तोंड एवढंसं झालं. नवसाबाईला मात्र त्या वेळी लाज वाटली नाही, आनंद झाला. चंद्राला सोडून पहिल्यांदाच कोणीतरी तिला बहीण म्हटलं होतं.

सकाळी तो गंगेवर आंघोळीला निघाला. गुरुजी नऊला येणार होते, तेव्हा येऊन गाठोडं उतरवायचं, असं ठरलं होतं. फाटकापाशी तो थांबला.

"येतो वं ताई."

या घरातून जाताना आजवर असं कोणी बोललं नव्हतं. नवसाबाईनं सासूची शिकवण बाजूला ठेवली. "ये," ती म्हणाली. "लवकर ये. भाकरी गार व्हईल."

थोड्या वेळानं चांदवडची मंडळी आली. लग्नाआधी गंगेची ओटी भरायची त्यांच्याकडे चाल होती, म्हणून झुंबरबाई चार बायका घेऊन आली होती. मांडवात खुर्च्या टाकल्या, छायानं चहा आणला. झुंबरबाई आज खुशीत होती. तेजस्विनीला जवळ बसवून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. पोरगी लाजून पार खाली वाकली होती. नवसाबाईचा एक डोळा मागच्या फांदीवर आणि एक फाटकावर होता.

फाटकातून पोलीस आला.

"नवसाबाई कोण? आजी, तुमचा भाऊ रामकुंडाजवळ पायरीवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. तिथल्या चहावाल्याला म्हणाला होता, माझी बहीण इथंच राहते, निंबाचं घर. म्हणून आलो. चला, ओळख पटवायला पाहिजे."

झुंबरबाईनं कप खाली ठेवला.

"भाऊ? तुमाला भाऊ हाय हे कदी कानावर नाय आलं, विहीणबाई," ती म्हणाली. "सख्खा का?"

झुंबरबाई दुष्ट नव्हती. तिच्या जागी कोणीही हेच विचारलं असतं. सख्खा भाऊ गेला तर लग्न झालेल्या बहिणीलाही तीन दिवसांचं सुतक आलं, हळद राहिली, लग्न पुढं गेलं; आणि अपशकुन म्हणून एकदा पुढं गेलेलं लग्न कितपत लागतं, हे सगळ्या बायांना ठाऊक होतं. नवसाबाईनं नातीकडे बघितलं. तेजस्विनीनं मान वर केली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. त्याच ओठांनी ती मागच्या वेळी महिनाभर मुकी राहिली होती.

"मला भाऊ नाय," नवसाबाई म्हणाली.

"तो तर म्हणत होता—"

"म्हनत आसंल. पाहुना व्हता. रातच्या मुक्कामाला आल्ता. मला भाऊ नाय. कुनालाबी विचारा, मी चंद्राला ओवाळते."

पोलिसानं खांदे उडवले. पडवीत ठेवलेली म्हाताऱ्याची पिशवी घेतली, आधार कार्ड बघितलं आणि गेला. झुंबरबाईनं अंगणात गोमूत्र शिंपडायला लावलं आणि उरलेला चहा प्याली. बायका ओटी भरायला गंगेवर गेल्या. छाया सासूकडे बघून हळूच म्हणाली, "बरं केलंत, आत्या." नवसाबाईला वाटलं, सुनेनं एखादी थोबाडीत दिली असती तर सोसलं असतं.

दुपारी किशोर आला. सख्खा भाऊ नाही, असं पोलिसात नोंदलं गेलं होतं. आता शुल्क आणि वर दंड भरणं भाग होतं. ललितनं भरलं. किशोरनं पावती फाडून दिली. पावतीवर धोंडीरामचं नाव होतं आणि नावापुढं छापील अक्षरात लिहिलेलं होतं: पर्यटक.

पोलिसांनी देवळ्याकडे फोन केला, असं किशोरनंच नंतर सांगितलं. भाऊबंद म्हणाले, त्याची बहीण आहे ना नाशिकला, रात्रीच शेजाऱ्याला फोनवर सांगत होता. तीच करील सगळं. आमचा काय संबंध? एका फोननं म्हाताऱ्याचा गाव सुटला आणि एका शब्दानं बहीण.

हळद लागली. लग्न लागलं. पोरगी हसत हसत सासरी गेली, तेवढं एक चांगलं झालं. पण मांडवामागच्या फांदीला गाठोडं तसंच होतं. ललित म्हणाला, फेकून देतो गंगेत. नवसाबाई त्याच्या अंगावर धावून गेली. "ज्यानं टांगलं त्यानं उतरवायचं!" तिनं एक जुनं पोतं आणून गाठोड्यावर आडोसा केला. सनईच्या वेळी वारा सुटला तेव्हा ते पोतं हलत होतं, आणि अक्षता टाकताना बाईचं लक्ष तिकडंच होतं.

मांडव उतरल्यावर ती कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेली. शवागाराबाहेरच्या माणसानं नाव विचारलं, वही न बघताच मान हलवली. त्या म्हाताऱ्याचं झालं, मावशी. कोणी आलं नाही. बेवारसांचं करणारी मंडळी आहेत, त्यांनी त्याला अग्नी दिला.

"अस्थी?"

"त्या दिवशी तीन-चार होते. सगळ्यांचं एकत्रच विसर्जन केलं." मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

नवसाबाई हात जोडून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि निंबाखाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या झाडावरच्या गाठोड्याला हात लावला. धोंडीरामनं गाठ फार पक्की मारली होती. ती सोडवताना तिला रडू फुटलं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. गोरक्ष लॉजच्या दारात आला आणि बघून आत गेला. छाया धावत आली, पण सासूला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

गंगेवर गुरुजींनी दर्भ मांडला, पिंड ठेवले.

"कुणाच्या अस्थी? नातं काय आपलं?"

"भावजय."

या वेळी तिचा आवाज अडखळला नाही. ऐकायला ना साहेब होते, ना पोलीस, ना झुंबरबाई.

"आणि बंधू?"

"ते पुढं गेले."

"बरं. भावजयीचं नाव सांगा."

नवसाबाईनं धोंडीरामला तूप वाढलं होतं, सतरंजी टाकली होती, पोलिसापुढं नाकारलं होतं. नाव मात्र विचारायचं राहून गेलं होतं. ते सांगणारा इथं एकच माणूस होता आणि तो सगळ्यांबरोबर एकत्र पाण्यात गेला होता. पिशवी पोलिसांनी नेली होती, शेजाऱ्याचा नंबर घरी छायाच्या मोबाइलात होता. गुरुजी हातात पळी धरून थांबले होते; मागं दुसरी दोन कुटुंबं आपापली गाठोडी घेऊन पाळीला उभी होती.

"आजी, नाव हवं. नावाशिवाय पोहोचत नाही."

बिननावाचं तिला पाण्यात सोडायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं, तर कुणाचं घेणार? जिवंत माणसाचं नाव असं पिंडाला द्यायचं नसतं. आपलं स्वतःचं दिलं तर बोल लावणारं मात्र कोणी नव्हतं.

"नवसाबाई," ती म्हणाली.

गुरुजींनी ते नाव घेऊन मंत्र म्हटला. तिनं ओंजळीनं पाणी सोडलं, मग गाठोडं सोडून अस्थी हळूच प्रवाहात सोडल्या. रिकामं लाल फडकं तिनं पिळलं आणि पायऱ्या चढू लागली. वर पोहोचल्यावर ती वळली. तिच्या तोंडात "येते" आलं होतं. पण तिथून कोणी तसं म्हणत नाही.